जातानाची पाळी

यवतमाळच्या कपाशीत असो की भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीत, चाळिशी ओलांडलेल्या बाईनं पाळीची तक्रार काढली की शेजारचीचं उत्तर ठरलेलं असतं. "आता काहून दवाखाना वो? जातानाची पाळी अशीच राहते." तिचं म्हणणं निम्मं खरं आहे. जाताना, म्हणजे कायमची थांबण्याआधीच्या वर्षांत, पाळी वेळापत्रक सोडते, त्यात आजार काही नाही. पण याच वाक्याच्या आधारावर बाई महिनोन् महिने अंगावरचं सोसते, रक्त (हिमोग्लोबिन) सातवर येतं, डोक्यावर भारा घेतला की धाप लागते, आणि कधीकधी गर्भाशयाच्या अस्तरात वेगळंच काही वाढत असतं ते कुणी बघत नाही. म्हणून या वाक्यातला कोणता भाग खरा आणि कोणता घातक, हे नीट समजून घ्यायला हवं.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून १० ते २० लाख बीजकोश असतात. वयात येईपर्यंत त्यातले ३ ते ४ लाख उरतात आणि पाळी कायमची थांबते तेव्हा जेमतेम हजारभर. चाळिशीनंतर हा साठा झपाट्यानं आटतो. उरलेले कोश लवकर दाद देत नाहीत, म्हणून मेंदूतून सुटणारं एफएसएच नावाचं संप्रेरक अधिक जोर लावतं. त्या रेट्यानं कधी बीज लवकर पिकतं आणि अठ्ठावीस दिवसांची पाळी चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशीच येते. पुष्कळ जणींच्या बाबतीत सुरुवात अशी होते. पाळी लांबणं नंतरचं. पुढे काही महिने बीज पिकतच नाही, आणि खरा गोंधळ इथून सुरू होतो.

बीज बाहेर पडलं तरच प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. अस्तराची वाढ थांबवणं, ते घट्ट बसवणं आणि ठरल्या दिवशी एकदम सोडून देणं हे त्याचं काम. बीज सुटलंच नाही तर इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक एकटंच अस्तर वाढवत राहतं. मातीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं पोताऱ्यावर पोतारा चढावा आणि मग इथून-तिथून पोपडे सुटावेत, तसं ते अस्तर सुटतं: उशिरा, तुकड्यातुकड्यानं, भरमसाट, गाठींसह. दीड-दोन महिने काहीच नाही आणि मग बारा-पंधरा दिवस अंगावरून जातंय, हे चित्र त्यातूनच तयार होतं. या वयात संप्रेरकं फक्त कमी होतात असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात या सुरुवातीच्या वर्षांत इस्ट्रोजेन कधीकधी नेहमीपेक्षा जास्त असतं, फक्त त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन नसतं.

आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास. त्याआधीचा बदलाचा काळ साधारण चार वर्षांचा, पण कुणाचा दोन वर्षांत आटोपतो तर कुणाचा आठ वर्षं चालतो. डॉक्टर त्याचे दोन टप्पे मानतात. लागोपाठच्या पाळ्यांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की पहिला टप्पा. मध्ये ६० दिवस किंवा जास्त खंड पडू लागला की दुसरा, आणि तिथून शेवटच्या पाळीपर्यंत एक ते तीन वर्षं. मागे वळून पाहता सलग बारा महिने एकही पाळी आलेली नसेल तरच पाळी गेली असं म्हणायचं. दहा महिन्यांनी आली तर मोजणी पुन्हा एकपासून. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर हे ठरवायला रक्ताची महागडी 'हार्मोनची तपासणी' सहसा लागत नाही. एफएसएच या काळात आठवड्या-आठवड्याला खालीवर होतं, एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. तो पैसा हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सोनोग्राफीवर खर्च झालेला बरा. चाळिशीच्या आतच पाळी थांबत असेल तर मात्र ही तपासणी आवश्यक ठरते.

आता मोजमाप. दवाखान्यात "किती जातं?" या प्रश्नाला "लय जाते" एवढंच उत्तर मिळालं की डॉक्टरही अंदाजानं औषध लिहितो. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त. ८० मिलिलिटर म्हणजे चहाचा लहान कप. पण कापड वापरणारी बाई मिलिलिटर कुठून मोजणार? त्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. रक्त दिसलेल्या प्रत्येक तारखेवर पेनानं ठिपके द्यायचे. नुसता डाग पडला तर आडवी रेघ, कमी गेलं तर एक ठिपका, नेहमीसारखं तर दोन, रात्री कापड बदलायला उठावं लागलं किंवा लुगड्यापर्यंत आलं तर तीन. गाठी पडल्या तर 'ग'. अंतर मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. बऱ्याच जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग तीस दिवसांची पाळी पंचवीसची वाटते. लिहिता न येणाऱ्या बाईलाही हे जमतं आणि चार महिन्यांची पानं पुढे ठेवली की डॉक्टरचं निम्मं काम होतं. घरात सगळ्यांना दिसतं म्हणून संकोच वाटत असेल तर पान फाडून डब्यात ठेवावं, पण खूण त्याच दिवशी करावी. पंधरा दिवसांनी आठवून केलेल्या खुणा खोट्या निघतात.

या पानांवरून पुढच्या गोष्टी चटकन दिसतात. पाळी उशिरा येते, कधी चुकते, आली तरी कमी जाते आणि पाच दिवसांत आटोपते: हे जातानाच्या पाळीचं साधं रूप, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण २१ दिवसांच्या आत पुन्हा येणं, सात दिवसांच्या वर चालणं, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, संबंधानंतर रक्त, यांपैकी काहीही असेल तर तपासणी हवीच. आणि घट्ट दुमडलेलं कापड किंवा पॅड तासाभरात भिजतंय, असं सलग दोन तास चाललंय, सोबत डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत धडधड आहे, तर घरगुती काढ्याची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

पाळी लांबली की आणखी एक शक्यता असते आणि ती बोलायला बायकांना फार जड जातं. चव्वेचाळिसाव्या वर्षीही दिवस जाऊ शकतात. नातवंडं अंगणात खेळत असताना हा विचार कुणाच्या मनात येत नाही, पण बीज कधीमधी सुटतच असतं. आशाताईकडे लघवीतपासणीचं किट असतं, पाच मिनिटांत निकाल. मुलं बंद होण्याचं ऑपरेशन झालेल्या बाईनंही पाळी चुकून पोटात एका बाजूला दुखत असेल तर ती तपासणी करावी. असा गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि ते जिवावर बेततं. ऑपरेशन न झालेल्या जोडप्यानं गर्भनिरोधक साधन केव्हा थांबवायचं? शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यानंतर एक वर्ष, पन्नाशीच्या आत असेल तर दोन वर्षं.

विदर्भात या सगळ्याला रक्ताच्या कमतरतेची जोड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे जातानाचा रक्तस्राव सुरू होतो तोच मुळी रिकाम्या साठ्यावर. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली म्हणजे गंभीर. गंभीर असेल तर उपकेंद्राच्या गोळ्यांवर न थांबता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं. मधल्या पातळीला सरकारी लाल गोळी चालते: एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, उपचारासाठी रोज दोन, किमान तीन महिने. रक्त भरलं की लगेच बंद करू नये, साठा भरायला आणखी वेळ लागतो. गोळीनं शौच काळी होते. त्याला घाबरून पुष्कळ बायका आठवड्याभरात गोळ्या सोडतात, कारण हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण चहाच्या आगेमागे तासभर नको. चहा लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलेल्या वरणासोबत किंवा आवळ्यासोबत ती चांगली लागू पडते. महिन्याभरानं हिमोग्लोबिन एकनंही चढलं नसेल तर कुठेतरी पाणी मुरतंय: एक तर गोळी पोटात जात नाही, नाहीतर जेवढं भरतं तेवढं अंगावरून जातंय, नाहीतर कारणच वेगळं आहे.

ते वेगळं कारण आपल्याकडे बऱ्याचदा सिकलसेल असतं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आईबापांकडून येणारा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, या साऱ्या पट्ट्यात तो आहे. चाळिशीच्या बाईचं रक्त कमी निघालं आणि तिची सिकलसेलची तपासणी आजवर झालीच नसेल तर आधी ती करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबावर ती होते. नुसती वाहक असेल तर लोह घ्यायला अडचण नसते. पण प्रत्यक्ष आजार असलेल्या आणि वारंवार रक्त चढवलेल्या बाईच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं. तिला डोळे झाकून लाल गोळ्या देऊ नयेत. रक्त थांबवण्याच्या गोळ्याही तिला विचारपूर्वकच द्याव्या लागतात, कारण तिच्या रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असतो.

बायका इतका उशीर का करतात याचं उत्तर अडाणीपणात शोधणं अन्यायाचं आहे. पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं, हा नियम ठरलेल्या पाळीसाठी होता. पाळी वीस दिवस चालली तर? वीस दिवस चुलीला हात न लावणं कुठल्याच घराला परवडत नाही. मग बाई सांगतच नाही. देवघरात जाते, स्वयंपाक करते आणि मनात अपराधी वाटून घेते. गडचिरोलीच्या माडिया गावांमध्ये पाळीचे दिवस गावाबाहेरच्या कुर्माघरात काढायची रीत आहे; जातानाचं रक्त थांबतच नसेल तर तिथला मुक्कामही लांबतो, आणि तिथे चक्कर येऊन पडलं तर बघायला जवळ कुणी असेलच असं नाही. घरातल्या सासूनं किंवा मोठ्या जावेनं एवढं जरी ठरवलं की सातव्या दिवसानंतरचं रक्त हा विटाळाचा नव्हे, दवाखान्याचा विषय, तरी पुष्कळ रक्त वाचेल.

'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, सरासरी एकीला साडेतीनहून जास्त, आणि पूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तेव्हापासून रस्ते झाले, आशाताई आल्या, सोनोग्राफी तालुक्याला आली. पण बाळंतपणं संपल्यावर बाईनं दवाखान्याची पायरी चढायचं कारण आजही घराला सहज पटत नाही.

तपासणीला गेल्यावर काय होतं हे आधी माहीत असलं की भीती कमी होते. आधी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड. मग गर्भपिशवीच्या तोंडाची कॅन्सरसाठी तपासणी: पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभरानं पांढरा चट्टा उठतो का ते बघतात. ही चाचणी तिशीनंतर दर पाच वर्षांनी व्हायला हवी. भरपूर रक्त जात असताना ती नीट दिसत नाही, म्हणून थांबल्यावर केलेली बरी. मात्र रक्त थांबतच नसेल तर थांबण्याची वाट पाहत घरी बसू नये, जात असतानाच जावं. डॉक्टरला त्याची किळस नसते. मग सोनोग्राफी. पोटावरून करायची असेल तर लघवी भरलेली लागते, आतून करायची असेल तर रिकामी. हे न विचारता गेल्यानं बसस्टँडवरून पुन्हा परत यावं लागतं आणि एका दिवसाची मजुरी बुडते. सोनोग्राफीत फायब्रॉइडची (गर्भाशयाच्या स्नायूची, कॅन्सर नसलेली) गाठ, पॉलिप (अस्तराला फुटलेला कोंब), जाड झालेलं अस्तर, अंडाशयातलं पाणी दिसतं. कधीकधी पंधरा वर्षांपूर्वी बसवून विसरलेली तांबीही दिसते. तांब्याच्या तांबीची मुदत प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षांची. मुदत उलटली असेल तर ती काढूनच टाकायला हवी.

पंचेचाळिशीनंतर अनियमित किंवा जास्त रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासणं ही मुख्य पायरी आहे. वजन जास्त असेल, साखर असेल तर त्याहूनही आधी. बारीक नळीनं घेतलेला तुकडा पाच-दहा मिनिटांत निघतो, पोटात कळ येते, पुष्कळदा भूल लागत नाही. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही अफवा गावोगाव आहे. तसं होत नाही. उलट तुकडा न तपासता पिशवी काढली आणि नंतर अहवालात कॅन्सर निघाला, तर ऑपरेशन अपुरं पडतं आणि बाईला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं.

औषधांबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतात. जास्त जाणाऱ्या दिवसांपुरती ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी देतात, बहुधा ५०० मिलिग्रॅमच्या दोन, दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. त्यानं रक्त तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होतं. पाळी नियमित होत नाही, तिचं ते कामच नाही. पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर ती घ्यायची नाही. दुसरी नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, साधारण दहा दिवस. दोन दिवसांत रक्त थांबतं, बाई खूश होते. गोळ्या संपल्यावर दोन ते चार दिवसांनी पुन्हा रक्त येतं आणि "औषध लागू पडलं नाही" म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. हे येणं अपेक्षितच असतं: गोळीनं घट्ट बसवलेलं अस्तर एकदाच नीट सुटून येतं. चिठ्ठी लिहितानाच हे सांगितलं तर निम्म्या फेऱ्या वाचतील. आणि गोळी मध्येच सोडायची नाही. दोन दिवस घेतली, थांबलं म्हणून बंद केली, की अस्तर अर्धवट सुटतं आणि डाग पडत राहतात.

हीच गोळी महालक्ष्म्यांच्या आधी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतली जाते, पाळी पुढे ढकलायला. ती पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. ज्या बाईला पाळी कधी येणार हेच माहीत नाही, तिला तीन दिवस आधी म्हणजे कधी? मग ती दोन आठवडे आधीपासून खाते, सण निघतो आणि विसर्जनानंतर धो धो रक्त जातं. या वयात सणासाठी पाळी ढकलू नये असंच माझं ठाम मत आहे. ज्येष्ठागौरी एका वर्षी जाऊबाईनं मांडल्या तर काही बिघडत नाही.

वारंवार जास्त जात असेल आणि तुकड्याचा अहवाल चांगला असेल तर हार्मोनची तांबी हा फार चांगला उपाय आहे. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, ते थेट अस्तरावर काम करतं आणि किमान पाच वर्षं टिकतं. अडचण एकच: पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब डाग पडतात, आणि ते न सांगितल्यानं बाया दुसऱ्या महिन्यातच काढायला येतात. सरकारी दवाखान्यातली 'छाया' म्हणजे ऑर्मेलॉक्सिफेन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी. ती काही जणींना जास्त रक्तासाठीही देतात, पण तिच्यानं पाळी लांबते, तेव्हा खुणांच्या पानावर तिची सुरुवात लिहून ठेवावी.

आणि मग पिशवी काढण्याचा सल्ला. खेड्यात तो फार लवकर दिला जातो आणि फार लवकर घेतलाही जातो. कामाचा खाडा नको, दर महिन्याचा त्रास नको, "मुलं झाली, आता काय उपयोग तिचा" हे घरच्यांचं म्हणणं, आणि कॅन्सरची दाखवलेली भीती. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. ऑपरेशन कधी लागतंच: कॅन्सर, मोठे फायब्रॉइड, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव. पण सत्तेचाळिशीच्या बाईला मध्यम गाठ असेल तर पाळी गेल्यावर ती बहुधा आपोआप आकसते. एक-दोन वर्षं औषधांवर निघाली तर पोट उघडावंच लागत नाही. सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. तुकड्याचा अहवाल काय आला? औषध किंवा तांबी किती महिने करून पाहिली? अंडाशय ठेवणार की काढणार? रक्त किती आहे आणि ते आधी भरून घ्यायचं का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पिशवीसोबत दोन्ही अंडाशय काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात संपतं: अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयावरचा ताण. चिठ्ठीवर शंका वाटली तर सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दुसरं मत घ्यावं.

वाफांवरून आठवलं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला ऊन लागलंय की जातानाची वाफ आली, हे कळत नाही. वाफ छातीतून चेहऱ्याकडे चढते, घाम फुटतो, एक ते पाच मिनिटांत ओसरते आणि नंतर थंडी वाजते. थर्मामीटरला ताप नसतो. ऊन लागलं असेल तर त्रास पाच मिनिटांत जात नाही, डोकं दुखतं, उलटी होते, अंग तापतं. शेतात आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. रक्त जात असताना हे दुहेरी नुकसान आहे, चक्कर त्यानंच लवकर येते.

सलग बारा महिने कोरडे गेले की पाळी गेली. त्यानंतर कधीही, तीन वर्षांनी किंवा दहा वर्षांनी, एक डाग जरी दिसला तरी ती "परत आलेली पाळी" नसते. गावात असं झालं की बाईला पुन्हा जवान झाल्याचं हसून सांगतात. अशा दहा जणींपैकी साधारण नऊ जणींमध्ये कॅन्सर निघत नाही, अस्तर पातळ होऊन सुकल्यानं किंवा पॉलिपमुळे रक्त आलेलं असतं. पण दहावी कोण हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि गर्भाशयाचा कॅन्सर या पहिल्या डागालाच पकडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर धोका अगदी कमी. जाड असेल किंवा रक्त पुन्हा आलं तर तुकडा तपासायचा. डाग थांबला म्हणून जाणं टाळू नये, सोयाबीनची सोंगणी आटपू दे म्हणून पुढे ढकलू नये. डाग दिसला त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयाची चिठ्ठी काढावी.